मूळ वेग

ती जिना उतरली ती भांडायलाच. खालच्या गाळ्यात साऊंड सिस्टिम भाड्याने देणारा कुणी नवा आला होता आणि संध्याकाळ झाली की त्याचे स्पीकर वरच्या खोलीच्या भिंतींना हादरे देत. त्या खोलीत तिची आई पडून होती. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताने आईचं उजवं अंग गेलं, बोलणं जवळजवळ गेलं, आणि दुसऱ्याचं बोलणंही फार सावकाश असेल तरच कळू लागलं.

पण दारातच ती थबकली. चालू गाणं एकाएकी मंदावलं होतं, आणि गाणारीचा आवाज मात्र होता तसाच, गोड!

“आवाज... जाड... कसा नाही झाला?” तिने विचारलं. भांडण राहूनच गेलं.

त्याने हेडफोन मानेवर सरकवला. “हे बटण दाबलंय ना, याला ‘की-लॉक’ म्हणतात. सूर जागच्या जागी कुलूपबंद! ते नसेल तर वेग कमी केला की आवाज घोगरा होतो, वाढवला की चिवचिवतो. आणि वेगाची ही पट्टी. पुढे ढकलली की हळू, स्वतःकडे ओढली की जलद.” मग तिच्याकडे बघत म्हणाला, “तुम्ही नेहमी एवढ्या सावकाश बोलता, की माझ्यासाठी खास?”

“खास... वगैरे... काही नाही. सवय झालीय.”

दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन आली. फोनमध्ये बाबांनी स्वतःच्या आवाजात पाठवलेले अकरा निरोप होते.

बाबा क्रेन चालवत. बोलायचे सुसाट, आई म्हणायची, ह्यांच्या तोंडाला ब्रेकच नाही. आई दवाखान्यात होती त्याच आठवड्यात ते क्रेनवरून पडले आणि गेले. डॉक्टर म्हणाले होते, आईला आणखी एक धक्का सोसणार नाही. आई शुद्धीवर आली तेव्हा हिच्या तोंडून निघून गेलं, “बाबा... दूर... कामावर गेलेत.” एकदा बोलून बसली आणि मग ते मागे घ्यायची छातीच होईना.

“हे... सावकाश करून द्याल?” तिने विचारलं. “पण आवाज... बाबांचाच राहिला पाहिजे.”

सगळं ऐकून त्याने फोन यंत्राला जोडला. मग त्याने पट्टी हलकेच पुढे सरकवली. दहा टक्के... पंधरा... “वीसच्या पुढे नको. माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो.”

रोज एक निरोप सावकाश करून आईला ऐकवायचा, असं ठरलं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात ती लोकांना विचारत राही, आता दिसतंय? आणि आता? संध्याकाळी तो तिला विचारी, आता कळतंय? आणि आता? पट्टीवर दोघांची बोटं एकदा एकमेकांना लागली. दोघांनीही लगेच काढून घेतली नाहीत.

“चष्मेवाली,” तो म्हणाला, “तुमच्याही बोलण्यात ही पट्टी अडकलीय, बरं का. ओढून बघू?”

“हात... लावून तर बघा!”

तिला हसू आलं, आणि हसल्याची लाज वाटली. वर आई दाराकडे डोळे लावून पडली होती.

निरोप संपले. तेच ते पुन्हा लावले, तर आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तिने खाणंच सोडलं. घाबरून ही खाली धावली.

“यातलं ‘मी येतो गं’ एवढंच कापून द्या. एवढंच. ती खाईल.”

त्याने हेडफोन काढून ठेवला. “वेग हवा तेवढा बदलतो. पण तेवढंच कापलं की अर्थ बदलतो, आणि जे ते बोललेच नाहीत, ते त्यांच्या तोंडी नाही घालणार.”

“तुमची आई नाहीये ती!”

“नाही. पण तुमचे बाबा मलाही भेटलेत आता. अकरा वेळा.”

ती पाय आपटत निघून गेली. त्यानंतर चार दिवस खालचे स्पीकर बंदच होते. पाचव्या संध्याकाळी तो यंत्र काखोटीला मारून वर आला. “कापणार नाही,” दारातच म्हणाला. “पण त्यांच्यासमोर बसून लावतो. कुठे अडतं ते तरी बघू.”

यंत्र पलंगावर आईच्या नजरेसमोर ठेवून त्याने पट्टी पुढे सरकवली. बाबा सावकाश, समजूतदारपणे बोलू लागले. आईने ऐकलं. मग तिचा डावा हात पांघरुणातून बाहेर आला, चाचपडत पट्टीवर गेला आणि त्याने पट्टी स्वतःकडे ओढली. मधोमध शून्यावर, म्हणजे मूळ वेगावर, टक् असा खटका लागला, आणि बाबा सुसाट सुटले, “अगं ऐक गॅस बंद केलास का बघ नि आईला म्हणावं गोळी घे मी येतो गं आठ वाजतील...”

त्यातला एक शब्दही आईला कळणं शक्य नव्हतं. पण ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा, अर्ध्या तोंडाने हसली.

“हे!” आई म्हणाली. जन्मभर तिने नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती, ‘हे’च म्हणायची.

मग तिने पट्टी पुढे ढकलली. बाबा पुन्हा सावकाश झाले. आईने मान हलवली.

“हे... नाहीत.”

आणि तिने लेकीकडे पाहिलं. पहिल्या निरोपापासूनच तिला खटकत होतं, आणि तेच ते पुन्हा लागले तेव्हा कळून चुकलं होतं. जो माणूस आयुष्यात कधी तिच्याशी हळू बोलला नाही, तो आता हळू बोलत होता. आवाज त्याचा होता, पण तो नव्हता.

“नाहीत, आई,” ती म्हणाली. “बाबा... गेले.”

दोघी एकमेकींना धरून रडल्या. तो खिडकीशी पाठमोरा उभा राहिला. बऱ्याच वेळाने आईने तोंड उघडून दाखवलं, आणि ही वाटीचमचा घेऊन बसली. आईने तीन चमचे गिळले.

तो यंत्र उचलून जिना उतरू लागला. ती मागोमाग धावली.

“ऐका त्या दिवशी मी ओरडले ते चुकलं माझं आणि चार दिवस तुमचे स्पीकर बंद होते तर मला घर खायला उठलं होतं आणि मला तुम्ही फार फार आवडता आणि आज हे सांगायचा दिवस नाहीये तेही मला कळतंय!”

तो दोन पायऱ्या खाली, आ वासून उभा.

“काही कळलं नाही,” तो म्हणाला. “पुन्हा सांगाल? जरा हळू?”

“नाही,” ती डोळे पुसत म्हणाली. “सवय करून घ्या.”