उगीचचं बटण

गाडी पेटायच्या आधीच विझते, याचं आता कुणाला नवल उरलं नव्हतं. रबर किंवा वायरीचं आवरण फार तापलं, की ज्वाळा दिसण्यापूर्वीच त्यातून वायू सुटू लागतात. इंजिनाच्या कप्प्यातलं 'नाक' ते हुंगायचं, इंधन तोडायचं आणि दाबाखाली भरलेली पावडर सगळ्या इंजिनावर फवारायचं. हे नाक डॉ. ऋजुता केळुस्करांनी घडवलं होतं. सुरुवातीला ते फार भित्रं, ताकही फुंकून पिणारं. सकाळी ड्रायव्हरांनी इंजिनाला ऊद घातला तरी केकाटायचं. म्हणून बाईंनी स्टिअरिंगशेजारी एक बटण दिलं आणि त्यावर लिहिलं 'उगीच'. फवारण्याआधी नाक शिट्टी वाजवी. ड्रायव्हरने बटण दाबलं, की गप्प बसे आणि धडा घेई. एका गाडीचा धडा लगोलग बाकीच्या सगळ्या गाड्यांना मिळे.

बसड्रायव्हर नवनाथ ढेबेचं या बटणावर भारी प्रेम. पण आज कुंभार्ली घाट चढताना त्याचा हात तिकडे गेलाच नाही, कारण शिट्टी वाजलीच नव्हती. नाकाचा दिवा हिरवागार होता आणि करपल्याचा वास येत होता.

खोट्या शिट्ट्या अलीकडे अजिबात बंद कशा झाल्या, ते पाहायला खुद्द ऋजुताबाई त्याच्या मागच्याच सीटवर बसल्या होत्या.

"मॅडम, वास येतोय न्हवं?"

"येतोय. पण ते नाक तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी तिखट आहे. काही असतं तर वाजलं असतं."

एवढी शिकलेली बाई सांगतेय म्हटल्यावर नवनाथने एक वळण काढलं. मागे गाडीभर माणसं, डावीकडे दरी. उगाच थांबलो तर लोक शिव्या घालतील, आणि नाही थांबलो तर? पुढच्या वळणाला जरा रुंद जागा दिसताच त्याने गाडी डोंगराच्या कडेला घेतली.

"उतरा, समदी उतरा. सामान ऱ्हाऊ द्या."

शेवटचं माणूस उतरतं न उतरतं तोच इंजिनाच्या झाकणाच्या फटीतून ज्वाळा बाहेर आली. नवनाथने पावडर हाताने सोडायचा खटका ओढला. पावडर भसकन सुटली आणि आग दबली.

ऋजुताबाईंनी आपला टॅब नाकाला जोडला आणि त्यातल्या नोंदी उघडल्या.

"बिघडलंय का वो?"

"नाही. त्याला पायथ्याशीच वास आला होता. त्यानं स्वतःच 'उगीच' ठरवलं."

"बटण तर म्या दाबलंच न्हाई."

"नवनाथराव, खरं सांगा. गाडी भरलेली आहे, चढ लागलाय आणि शिट्टी वाजली, तर तुम्ही काय करता?"

"दाबतो की. पावडर उडाली तर गाडी घाटातच बसती, मग लोकं खायला उठत्यात. इतक्यांदा दाबलं, कधी काय झालं न्हाई."

"सगळेच दाबतात. वास आला तरी दाबतात. मी त्याला आग ओळखायला शिकवत होते, ते शिकलं माणसं ओळखायला. भरली गाडी चढावर असली की यांना आग नकोच असते, एवढं त्याला कळलं. आता ते विचारतसुद्धा नाही."

"म्हंजी ह्या एकाच गाडीचं?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

नवनाथची बायको मंदा पाठोपाठची गाडी घेऊन याच घाटाला लागली होती. त्याने फोन लावला. तिने तो आपल्या गाडीतल्या स्पीकरवर घेतला, मागे चढाला कण्हणारं इंजिन.

"मंदे, गाडी थांबीव. आत्ताच्या आत्ता. माणसं खाली उतरीव."

"का वो?"

"इंजिन पेटलं आसंल तुझं."

मंदा हसली. "काय तरीच तुमचं. दिवा हिरवा हाय की. वास येतोय जरासा, पन त्यो काय, रोजचाच."