उंबऱ्यावरची नागली

कंदिलाची वात जरा मोठी कर, समीक्षा, आणि बस. उद्यापासून या केंद्राचा चार्ज तुझ्याकडे. औषधांचं कपाट दाखवलं, लसींचा फ्रीज दाखवला. राहिलं ते बाळंतपणाच्या खोलीचं मागचं दार.

मी इथे आले तेव्हा तिथे भिंत होती. त्या खोलीत जायचं तर पुढच्या पडवीतूनच जावं लागे, आणि पडवीत सकाळपासून पुरुषमंडळी केसपेपर घेऊन बसलेली. कळा येणाऱ्या बाईने त्यांच्यामधून विव्हळत जायचं? वाडीवरच्या बायका लाजेने घरीच बाळंत व्हायच्या. काही त्यातच जायच्या. दर मीटिंगला मी ठाण्याच्या साहेबांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे अठ्ठ्याण्णव साली नवा नकाशा मंजूर झाला. बायकांना मागून वेगळी वाट, वेगळं दार. मी सगळ्यांना पेढे वाटले.

भिंत फोडायला काळूराम गवंडी आला आणि हातोडा खाली ठेवून बसून राहिला.

“हितं आदी दारच व्हतं, सिस्टर. माज्या बापानं बुजवलंय.”

“का?”

“सुंदरा गेली ना हितं… वाडीवरची. पोटातलं पोर पोटातच ऱ्हायलं. तिला ह्या दारानं काडली.”

बाळंतपणात गेलेली बाई मागे फिरते, असं इथे मानतात. म्हणून तिला नेताना दारापासून ओढ्यापर्यंत नागली, म्हणजे आपली नाचणी, टाकत गेले होते. वाटेतला दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला घरात पाऊल टाकता येत नाही. मग दारही बुजवलं. मी हसले. मेलेल्या बाईसाठी जिवंत बायकांची वाट किती दिवस अडवायची, म्हटलं, घाल घाव.

दार झालं आणि बायका खरंच येऊ लागल्या. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! फक्त प्रत्येक बाई आत येण्याआधी मूठभर नागली उंबऱ्यावर टाकायची. झाडलोट करणारी ताराबाई वैतागायची. दाण्यांना मुंग्या लागतात, उंदीर होतात, आणि स्वच्छतेची तपासणी कधी येईल त्याचा नेम नाही. ती रोज सकाळी उंबरा झाडायची. संध्याकाळपर्यंत पुन्हा नागली पडलेली असायची.

त्या पौषात म्हशाची जत्रा भरली. डॉक्टर रजेवर, गाव जत्रेत. ताराबाईलाही जायचं होतं, म्हणून तिने दुपारीच उंबरा झाडला, वर फिनेलने पुसून काढला. त्यानंतर कोणी फिरकलंच नाही.

दिवेलागणीला वीज गेली. तेवढ्यात वाडीवरचा नवसू बायकोला हातांवर उचलून मागच्या दाराने आत आला. जिवलीचं पहिलंच बाळंतपण, आणि बाळाचं डोकं दिसायला लागलेलं. त्याने तिला टेबलावर ठेवलं आणि पडद्याआड पडवीत जाऊन उभा राहिला. मी कंदील पायांकडे ठेवला आणि कामाला लागले. बाहेर एकदम शांत होतं. किडेसुद्धा ओरडत नव्हते.

मागचं दार करकरलं. ओल्या मातीचा वास आला. एक बाई आत आली आणि जिवलीच्या पाठीशी बसून तिने तिला धरलं. वाडीवर सुइणी धरतात तसंच. अंधारात तोंड दिसलं नाही. नवसूची आई असेल म्हटलं, बरं झालं.

“सिस्टर…” जिवली पुटपुटली. “ही कोन गो? हात लय गार हायत…”

बाळ आलं. मुलगी. निळसर पडलेली, रडेना. मी तिची पाठ चोळत होते, तोच त्या बाईने माझ्यापुढे पदर पसरला. पदर रिकामा आणि ओला होता.

“नवसू,” मी म्हटलं, “तुझी आई…”

“आय जत्रेला गेलीय. आमी दोगंच हाव, सिस्टर.”

पदर बाळाच्या पायांपर्यंत आला होता.

“नवसू… नागली आणलीस?”

“कंबरेला हाय. गडबडीत टाकायची ऱ्हायली…”

“टाक! आत टाक!”

पडद्यावरून मूठ आली. दाणे फरशीवर सांडले. पदर थांबला. मग हळूच मागे गेला, आणि खाली, टेबलाजवळ, काहीतरी वेचायला लागलं. टिक… टिक…

नवसूने जिवलीला उचललं, मी बाळाला छातीशी धरलं, आणि आम्ही पडवीत आलो. पडवीकडचा उंबरा ओलांडताच पोरीने असा टाहो फोडला की मीही रडले. आतलं वेचणं मात्र उजाडेपर्यंत चालू होतं.

सकाळी आत गेले. फरशीवर एक दाणा नव्हता. बाळांच्या वजनकाट्यात एक गाठोडं ठेवलेलं होतं, मी बाळ गुंडाळते अगदी तसंच गुंडाळलेलं. सोडून पाहिलं. आत मूठभर नागली होती. कोमट.

मी ते ओढ्यात सोडून आले. ताराबाईला उंबरा झाडू दिला नाही, तपासणीवाल्यांची बोलणी खाल्ली. आता ठेकेदाराची माणसं झाडायला येणार म्हणतात. त्यांना तू सांग.

दर पौषात, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, ते गाठोडं काट्यात असतं. दर वेळी मी ते ओढ्यात सोडते, आणि पुढच्या वर्षी ते जरा मोठं होऊन येतं. या वर्षी मी काट्यावर नजर टाकली. पुऱ्या दिवसांच्या बाळाचं वजन भरलं.