काटेसावरीवरचं रडणं

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्याच घरात घडलंय. बालाघाट जिल्ह्यात, कटंगीजवळच्या आमच्या गावात. गेल्या कार्तिकात, दिवेलागणीला.

घरामागे उंच काटेसावर आहे. तिच्या शेंड्यावर दरवर्षी ढोकाची जोडी घरटं करते. करकोच्याच्या जातीचा हा पक्षी, माणसाच्या छातीएवढा उंच, डोक्याला टक्कल. त्याला आवाज नसतो म्हणतात. नुसती चोच वाजवतो.

खट... खट... खट...

आम्हाला त्याची सवय होती.

नूतनवहिनीचं बाळ तेव्हा दोन महिन्यांचं होतं. रडायला लागलं की चार घरं ऐकायची. बाळाचे कपडे दिवेलागणीनंतर बाहेर ठेवायचे नाहीत, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पण त्या दिवशी धानाच्या मळणीची घाई. टोपडं दोरीवरच राहिलं.

रडतं बाळ आत ठेवून वहिनी धावत गेली, तर ढोक ते चोचीत धरून वर चाललेला.

"जाऊ दे वहिनी, घरट्यात अंथरन तो," मी हसलो.

तेवढ्यात घरातलं रडणं थांबलं...

आत गेलो. बाळ रडतच होतं. तोंड उघडं, चेहरा लाल, डोळ्यांत पाणी.

आवाज नव्हता.

आणि मग झाडाच्या शेंड्यावरून...

तेच रडणं.

"भाऊजी, हा माह्या लेकराचा आवाज हाये." वहिनी बाळाला छातीशी धरून अंगणात धावली.

"ढोकाचं पिल्लू असन," शेजारच्या गोदाबाई म्हणाल्या. पण त्यांनी वर पाहिलं नाही.

सकाळी माझा भाऊ हेमराज शिडी लावून, काटे सोसत वर चढला. टोपडं घेऊन उतरला. घरट्यात पिल्लू नव्हतं. अंडंसुद्धा नव्हतं.

टोपडं बाळाला घातलं. काही झालं नाही.

बालाघाटच्या डॉक्टरांनी तपासलं. गळा ठणठणीत आहे म्हणाले.

फाल्गुनात ढोक उडून गेले. रडणं राहिलं. रोज दिवेलागणीला...

हेमराजने कुऱ्हाड काढली, तर वहिनी बुंध्याला मिठी मारून बसली. काटे रुतले तरी हलेना.

"तोडू नोका जी. माहं लेकरू वरतं हाये."

आता बाळ वर्षाचं झालंय. रांगतं, हसतं. सगळं मुक्यानं.

परवा संध्याकाळी वहिनी त्याला भात भरवत होती. त्याचे ओठ हलले.

आणि वरून, अगदी स्पष्ट...

"माय..."

वहिनी घास टाकून झाडाकडे पळाली.

बाळ माझ्याकडे बघत राहिलं. ओठ हलतच होते. वरून आवाज येतच होता. मला त्याच्याजवळ बसायची भीती वाटली, आणि त्याला एकटं सोडून उठायचीही.