म्होरक्या बैलाची झूल

“ही माझी झूल न्हाई, साहेब.”

सेनगावच्या पोलीस ठाण्यात पारुबाईने टेबलावरच्या कापडावरून हात फिरवला आणि लाल ओढणी सावरत मागे सरकली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिच्या बोलण्यावर फौजदाराचा काडीचा विश्वास नव्हता.

कस्टम इन्स्पेक्टर भिवाजी खिल्लारे मात्र कागद चाळत होते. साल १९७७. बैलांवरून मीठ वाहणारे तांडे चालायचे त्या काळातली, म्होरक्या बैलाची ही झूल जर्मनीतल्या प्रदर्शनाला गेली आणि परत आली. नियम सरळ होता. तीच वस्तू परत आली तर ड्युटी माफ. बदलली असेल तर चोरटी निर्यात, आणि कुणाला तरी तुरुंग. झुलीबरोबर पारुबाईचा मुलगा धर्मसिंग गेला होता. झूल बदलल्याच्या संशयावरून आता तो भिंतीपलीकडच्या कोठडीत होता.

खिल्लारेंनी कस्टमच्या कागदावरचा कृष्णधवल फोटो पाहिला. काळी ओढणी घेतलेली पारुबाई झूल धरून उभी. झुलीच्या कोपऱ्यात काळं ठिगळ. टेबलावरच्या झुलीलाही तिथेच काळं ठिगळ. कवड्या, आरसे, टाके, सगळं बरोबर. इतकं बरोबर की त्यांना धास्ती वाटली.

“काहून तुमची न्हाई म्हणता?” त्यांनी पारुबाईला तिच्याच बोलीत विचारलं.

“मिठाचा वास न्हाई. माझी झूल दमट हवेत ओलसर लागती.”

बाकावर वसमतचा एजंट ग्यानोबा बसला होता. कागदपत्रं त्याने केली होती, झूल आणि धर्मसिंग दोघांनाही जर्मनीला तोच घेऊन गेला होता.

“पोरानंच विकली असंल,” तो म्हणाला. “घरच्या बाया नक्कल करून देत्यात. मी तर ह्यांच्या तांड्याची वाटबी पाहिली न्हाई. फोटो पोस्टानं आला, पेटी सीलबंद आली.”

“जर्मनीत पेटी उघडेपर्यंत झूल पाहिलीच नाही?”

“त्याआधी कधीच न्हाई.”

खिल्लारे वळले. “मावशी, ठिगळ कशाचं लावलं होतं?”

“ह्याच ओढणीचं टोक कापून. फोटोच्या आदल्या दिवशी. मला दिसतंय कुठं? धरम्यानंच सुईत दोरा ओवून दिला.”

“फोटोतही हीच ओढणी?”

“दुसरी हाय कुठं?”

खिल्लारेंनी फोटो टेबलावर ठेवला.

“फौजदारसाहेब, कोठडी उघडा. ओढणी लाल आहे, फोटोत काळी उमटली. म्हणजे ठिगळही लालच होतं. धर्मसिंगनं ते लागताना पाहिलं, तो काळं लावून घेईल कशाला? काळं ठिगळ लावणाऱ्यानं झूल पाहिलीच नव्हती, फक्त फोटो पाहिला होता. फोटो कस्टमकडे होता आणि तुमच्याकडे, ग्यानोबा. जर्मनीत तुम्हाला लाल दिसलं, पण नक्कल आधीच तयार होती. कस्टमवाले फोटोशीच ताडून पाहणार, म्हणून तुम्ही निर्धास्त राहिलात. इतकी जुनी वस्तू विकायला बाहेर नेता आली नसती. परत आणायच्या कागदावर ती राजरोस बाहेर गेली.”

ग्यानोबा उठला. दारात हवालदार होता. ग्यानोबा पुन्हा खाली बसला आणि गिऱ्हाइकाचं नाव सांगू लागला.

“झूल यील का माघारी?” पारुबाईने विचारलं.

“सांगता येत नाही, मावशी.” खिल्लारेंना खोटं बोलवेना.

कोठडीचं दार वाजलं. पारुबाईने समोर आलेल्या चेहऱ्यावरून, दाढीच्या खुंटांवरून सावकाश हात फिरवला.

“हे माझं हाय,” ती म्हणाली.