दुलांजलीची बरणी

आमचा धंदा ओढ्यातल्या पानांचा. रत्नपुरेकडच्या रानात गुडघाभर पाण्यात उतरायचं आणि तळाशी वाढणारी तपकिरी पानं मुळासकट काढायची. कोलंबोचा व्यापारी ती काचेच्या टाक्यांसाठी परदेशी धाडतो. या झाडाची एक खोड आहे. पाणी बदललं की दोन दिवसांत सगळी पानं विरघळतात. नवखा माणूस मेलं म्हणून फेकून देतो. मूळ मात्र जिवंत असतं.

माझ्या दुलांजलीनं असंच एक झाड बरणीत लावलं होतं. नऊ वर्षांची होती. डेंग्यूनं गेली. इस्पितळात पाणी मोजूनच द्यायचं होतं. "अम्मा, एकच घोट..." म्हणायची. मी मेली "थोड्या वेळानं हं, बाळा" म्हणत राहिले.

सातव्या दिवशी भिक्खूंना घरी जेवू घालून तिच्या नावानं दान झालं. भिक्खूंचं पठण सुरू झालं की घरच्या सगळ्यांनी झारीला हात लावून वाटीत पाणी ओतायचं. वाटी भरून सांडली की पुण्य गेलेल्याला पोचतं. मी बोटं झारीजवळ नेली, टेकवली नाहीत. पुण्य मिळालं की पोर पुढच्या जन्माला निघून जाणार. मला ती जायला नको होती.

दुसऱ्या दिवसापासून बरणीतलं पाणी रोज घोटभर कमी व्हायला लागलं. वर फडकं बांधलं, तरीही. फडकं सोडलं की इस्पितळातल्या औषधाचा वास यायचा. मी मुकाट्यानं बरणी भरायची.

तिसऱ्या महिन्याच्या दानाआधी माझे यजमान सोमरत्न हळूच म्हणाले, "त्या वेळी तुझा हात नव्हता झारीला. मी पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मलाही ती..." त्यांना पुढे बोलवेना. "तहानलेलीच ठेवलीय गं आपण तिला."

या खेपेला मी हात घट्ट टेकवला. एक झारी रिकामी झाली, दुसरीही झाली, पण वाटी भरेना. भिक्खूंचा आवाज अडखळला. तिसरी झारी आणली, तेव्हा मी मनात म्हटलं, जा बाळा... पोटभर पी आणि जा. लगेच वाटी भरून सांडली. मी तिथेच ओक्साबोक्शी रडले.

आत जाऊन पाहते तो बरणीतली सगळी पानं विरघळलेली. पाणी मात्र काठोकाठ. आठ दिवस ते तसंच राहिलं.

"सुटली पोर," सोमरत्न म्हणाले. "आता टाकून दे ते."

पण मी काही नवखी नाही. मूळ चिमटीत दाबून पाहिलं, टणक होतं. त्यांचा डोळा चुकवून मी ते पुन्हा बरणीतल्या वाळूत खोचलं.

आज सकाळी एक कोवळं पान दिसलं. फडक्याची गाठ माझीच होती, तशीच होती. आणि पाणी घोटभर कमी...