चार किलो दोनशे

डायलिसिसचे पेशंट पाण्याबाबत खोटं बोलतात. त्यात त्यांचा दोष नाही. दिवसाला तीन पेले पाण्यावर सुरतेच्या एप्रिलमध्ये राहून दाखवा, मग बोला. नऊ वर्षं मी नवागामजवळच्या एका ट्रस्टच्या सेंटरवर टेक्निशियन आहे. किडनी बंद पडली की प्यालेलं पाणी अंगात साठतं. ते वजनकाट्यावर दिसतं आणि पायावर दिसतं. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. मग मी म्हणतो, "काय मावशी, काल उसाचा रस की छास?" आणि त्या पदर तोंडाला लावून हसतात.

सरलाबाई हसायच्या नाहीत. वय बावन्न, अमळनेरकडच्या. मशीनवरून उतरल्यावर त्यांचं कोरडं वजन शेहेचाळीस किलो. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्यांची पाळी. नवरा सुपडूभाऊ त्यांना रिक्षातून आणायचे आणि चार तास बाकावर बसून राहायचे. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांचे कान गेलेले. ते फार बोलत नसत, समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहत. बायकोवर त्यांचा जीव होता. तिच्या चपला ते हातात घेऊन बसायचे, कोणाची लाथ लागू नये म्हणून.

सरलाबाई आल्या की काटा पन्नास किलो दोनशे दाखवायचा. चार किलो दोनशे जास्त. एवढं पाणी कमरेपर्यंत चढलं की माणूस आडवा झोपू शकत नाही. मी रागावायचो.

"तुमनी आन, भाऊ, मी पानी पिधंच नई," त्या म्हणायच्या.

मला विश्वास नव्हता. पण एक गोष्ट मला खटकत होती. पाणी पिणाऱ्याचं वजन दर वेळी वेगळं येतं, शनिवार-रविवारच्या सुट्टीनंतर तर जास्तच. सरलाबाईंचं सोमवारी चार दोनशे, बुधवारी चार दोनशे, शुक्रवारी चार दोनशे. वर्षभराची फाइल मी उलटून पाहिली. एकही आकडा हलला नव्हता.

काट्यावर मी स्वतः उभा राहिलो. अडुसष्ट दोनशे, नेहमीचं. काटा बरोबर होता.

मार्चमध्ये एका दुपारी रिक्षावाल्यांचा बंद होता. मशीनवरून उतरून सरलाबाई तीन तास माझ्या टेबलासमोर बसून होत्या. त्यांनी थेंबभर पाणी घेतलं नाही. मी नजर ठेवून होतो, संशयी माणूस आहे मी. जाताना सहज पुन्हा काट्यावर उभं केलं. शेहेचाळीस तीनशे. शिवाय त्या दिवशी मशीनची बाहेर जाणारी नळी मी बदलली, तेव्हा तिच्यातून वास आला. कोऱ्या मडक्यात पहिल्यांदा पाणी भरलं की येतो, तो. चांगला वास होता. मी नळी पिशवीत कोंबून गाठ मारली.

सरलाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी सांगितलं.

"मांगली आखाजीले मी आयसीयूमां व्हतू. आठेन कोनी गावले फोन करा, सरला गई. मना जेठनी मना नावनी घागर भरी टाकी."

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. मीही खानदेशातलाच, मला ते समजावून सांगावं लागत नाही. सकाळी उंबऱ्यावर घरातल्या एकेका मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, प्रत्येकाच्या नावाचं कुंकवाचं एक बोट उमटवायचं, आणि नव्या घागरीत त्यांच्यासाठी पाणी भरून वर सांजोरी, आंबा आणि डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं. सरलाबाईंच्या जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, चुकीच्या फोनवरून ते जिवंत भावजयीसाठी केलं होतं. संध्याकाळी इकडे तिनं डोळे उघडले.

"मग ओतून टाकायची घागर," मी म्हणालो.

"नाव लिसन भरेल घागर ओततस नई, भाऊ. देव्हारामां शे. वरीस हुई गयं, पानी बोटभर बी कमी नई."

मातीच्या घागरीतलं पाणी उन्हाळ्यात आठवडाभर टिकत नाही.

औंदाच्या आखाजीला त्यांना स्वतः जाऊन ती उतरवायची होती, आपलं नाव तिच्यातून काढून घ्यायचं होतं. मी साफ नाही म्हणालो. मागच्या वर्षी आमचा एक पेशंट लग्नाला गेला, दोन पाळ्या चुकवल्या, आणि परत निघाला तो ॲम्ब्युलन्समधून, आमच्यापर्यंत जिवंत पोचलाच नाही. सरलाबाईंचं तसं झालेलं मला बघवलं नसतं. त्या मला आईसारख्या होत्या असं म्हणणार नाही, पण सोमवारी त्यांची रिक्षा उशिरा आली की मी दारात जाऊन उभा राहायचो.

त्यांनी हट्ट सोडला नाही. मग मी नीट आखून दिलं. शुक्रवारी पाळी करायची, शनिवारी सकाळी उधना स्टेशनवरून गाडी, रविवारी आखाजी, त्याच दुपारी परत, सोमवारी नऊला इथे हजर. धुळ्याच्या एका सेंटरवर फोन करून जागा राखून ठेवली. पाण्याच्या बाटलीवर पेनानं रेघा मारल्या, एका दिवसाला एक रेघ. आमरस नाही, डांगर नाही. त्यातलं पोटॅशियम वाढलं तर हृदय थांबेल, हे सुपडूभाऊंना कानाशी ओरडून सांगितलं. आणि प्लास्टिकमध्ये घातलेलं एक कार्ड दिलं: ही बाई डायलिसिसवर आहे, डाव्या हाताला सुई लावू नका, सलाईनची बाटली चढवू नका, अडचण आली तर ललित यांना फोन करा.

सुपडूभाऊंनी कार्ड बराच वेळ पाहिलं.

"भाऊ, तुमनं पुरं नाव टाका. बापनं बी. गाव बी."

"कशाला?"

"तठे इचारतस."

मला हसू आलं. तरी लिहिलं. ललित योगराज बोरसे, खाली गावाचं नाव.

"कूळ?" त्यांनी विचारलं.

"सुपडूभाऊ, दवाखान्यात कूळ कोण विचारतं?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी सांगून टाकलं.

रविवारी दुपारी सरलाबाईंचा फोन आला. सगळं नीट झालं, त्या म्हणाल्या. आवाज मोकळा होता. मला इतका आनंद झाला की मी घरात दोनदा तेच सांगितलं.

सोमवारी सकाळपासून माझे बूट चावत होते. नवे नव्हते, दोन वर्षांचे होते. एप्रिलच्या उन्हानं पाय सुजतात, मी पेशंटना सांगतो तेच स्वतःला सांगितलं आणि नाड्या सैल केल्या. चहाही घेतला नव्हता. इच्छाच झाली नाही.

नऊला रिक्षा आली. सरलाबाई हात न धरता उतरल्या. तोंडावरची सूज गेलेली, गालाची हाडं दिसत होती. मी त्यांना काट्यावर उभं केलं.

शेहेचाळीस.

तीन दिवस मशीन नाही, आणि शंभर ग्रॅमही वाढ नाही. असं होत नाही. मी त्यांना उतरवलं, पुन्हा चढवलं. शेहेचाळीस. नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडलाच नाही.

"घागर उतरवली?" मी विचारलं.

"उतारी नई, भाऊ. जेठ म्हने, नाव पुसता येत नई, बदलता येस." त्या मोकळेपणानं बोलत होत्या. "माले तवय बाहेर बसाडेल व्हतं. कोनं नाव लिधं, माले सांगतंच नई कोनी. यास्ले माहीत." त्यांनी नवऱ्याकडे बोट केलं.

सुपडूभाऊंना ऐकू गेलं नसावं. किंवा गेलं असावं. ते बायकोच्या चपला हातात घेऊन उभे होते. त्यांनी त्या खाली ठेवल्या, माझ्यापुढे आले आणि वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"अहो, मी वयानं लहान आहे," मी मागे सरकलो.

ते उठले. डोळे ओले होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मनाकडे दुसरं काईच नव्हतं, भाऊ. माफ करज्यात." आणि खिशातून कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

प्लास्टिक कापून काढलेलं होतं. माझ्या नावावर कुंकवाचं एक बोट होतं.

मी सरलाबाईंना मशीनवर घेतलं. हात सवयीनं चालत होते.

मग काट्याजवळ आलो. बूट काढले. पायमोज्यांचे वळ घोट्यात खोल रुतले होते.

काट्यावर उभा राहिलो.

बहात्तर चारशे.

खाली बसलो. पँट वर केली आणि नडगीवर अंगठा दाबला. दहापर्यंत मोजलं, मग तीसपर्यंत.

हॉलमध्ये कोऱ्या मडक्याचा वास येत होता. खड्डा तसाच होता.