ओळख देणारी

रजिस्टर ऑफिसात जायचं म्हणून सासऱ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. एरवी वाडीत ते बनियनवरच असतात. सासूबाईंनी माझ्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाल्या, "मयुरा, तिथं जास्त बोलू नको हां. विचारतील तेवढंच सांग."

मी तशीही जास्त बोलत नाही. लग्नाआधी मी डहाणूला एका वकिलांकडे सर्च काढायचे. म्हणजे विकणाऱ्याची जमीन खरंच त्याची आहे का, ते जुन्या दस्तांच्या सूच्यांमधून शोधायचं. त्या कामात धूळ खायची सवय होते आणि माणसांवरचा विश्वास जातो. स्थळ पाहायला आले तेव्हा सासरच्यांना माझं हे काम फार आवडलं होतं. मला वाटलं, शिकलेली सून हवी असेल.

झाईला आमची चिकूची वाडी. तिचा रस्त्याकडचा तुकडा उंबरगावच्या एका शेठला द्यायचा आणि त्यातून दीपेशचं नि माझं डहाणूत घर घ्यायचं, असं ठरलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या घराचे पडदेसुद्धा मी मनात शिवून ठेवले होते. वाडीचा सर्च अर्थात मीच काढला. सगळं साफ होतं, फक्त सासऱ्यांच्या नावाखाली त्यांच्या बहिणीचं नाव होतं. धाकली, हेच तिचं नाव. तिनं हक्क सोडल्याचा कागद नाही, वारल्याची नोंदही नाही. घरात एक फोटो नाही. तिचा विषय काढला की सासूबाई मिक्सर लावायच्या.

"आत्या येईल सही करायला," दीपेश म्हणाला होता. "वलसाडला असते."

ऑफिसच्या फाटकापाशी गाडी थांबली. सासरे आतच बसून राहिले. दीपेशने मला चहाच्या टपरीमागे नेलं आणि मग खरं सांगितलं. आत्या वलसाडला नाही. कुठे आहे, कुणालाच माहीत नाही. तलासरीच्या नविन नावाच्या एजंटने सायवनची धोंडी म्हणून एक बाई ठरवली आहे, आत्याच्या नावाचं कार्डही करून आणलं आहे. ती अंगठा देईल. पण दस्त करणाऱ्याला ओळखणारी दोन माणसं लागतात.

"एक नविन," दीपेश म्हणाला. नविन रोज कितीतरी अनोळखी माणसांना 'व्यक्तिशः ओळखतो', तो त्याचा धंदाच आहे. "आणि दुसरी..."

"मी?"

"बाबांना नि मला नाही ना होता येत. कागद आमच्याच नावाने होतोय. आईने तर घराबाहेर पाऊलच टाकलं नाही."

"दीपेश, हा गुन्हा आहे."

"एक शब्द बोलायचाय गं. ओळखते. बस." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "घर नकोय का तुला?"

हवं होतं.

ती आधीच येऊन व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसली होती. रंग गेलेलं हिरवं लुगडं, पदर कपाळापर्यंत. वैशाखातली दुपार, वरचा पत्रा तापून कडकड वाजत होता. पण तिच्या शेजारी टेकले तसा गार वास आला. ओहोटीनंतर खाडीच्या चिखलाला येतो तसला. मी जरा सरकून बसले. सायवन केवढं आत, डोंगराकडे. तिथल्या बाईच्या अंगाला खाडीचा वास कशाला येईल?

"धोंडीबाई ना?" मी हळूच विचारलं.

"धाकली," ती म्हणाली.

नविनने चांगलं पढवलंय, मला वाटलं.

"ओळख देणारी तूच काय?"

"हो."

"काश्याची सून."

सासऱ्यांचं नाव काशीनाथ. पण त्यांना काश्या म्हणणारं आता गावात कुणी उरलेलं नाही. एवढं पढवतात?

"आनंदी नाय आली," ती पुढे म्हणाली. आनंदीबाई म्हणजे माझ्या सासूबाई. "ती नायच यायची. तेव्हा पण दारातच उभी होती."

"तेव्हा म्हणजे कधी?"

ती पदराच्या टोकाला पीळ देत राहिली, धुणं पिळतात तसा.

आमचा नंबर लागला आणि लाइट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आणि एक दिवा तेवढा चालू राहिला. पंखे थांबले, खोलीत भरदुपारी तिन्हीसांज झाल्यासारखं वाटलं. फोटो काढणाऱ्या मुलीने तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं.

"आजी, डोळे उघडा."

"उघडेच हायत."

मी पाहिलं. उघडेच होते. स्क्रीनवर पाहिलं, तर मिटलेले. मुलीने पुन्हा काढला... पुन्हा मिटलेले. तिसऱ्यांदा ती माझ्याकडे बघून कसंनुसं हसली. "लाइट नाहीये ना, म्हणून असेल."

मग अंगठा. मशीन अंगठा घेईना. "ओला आहे, पुसा," मुलगी म्हणाली. मी माझा रुमाल दिला. तिने पुसला, टेकवला. परत ओला. मी स्वतः तिचा अंगठा धरून पुसला, तेव्हा त्याच्या रेघांतून पाणी पाझरताना मला दिसलं. घाम नव्हता तो. रुमालावर काळा, बारीक गाळ आला होता.

त्याच वेळी सासऱ्यांना आत बोलावलं. ते दारातून आले, तिला पाहिलं आणि टेबलाची कड घट्ट धरून उभे राहिले. दीपेश माझ्या कानाशी म्हणाला, "बाबा पण काय नाटक करतात..." मी सासऱ्यांचे हात बघत होते. नाटकात नखं अशी पांढरी पडत नाहीत.

साहेबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "आजी, हक्क खुशीने सोडताय ना? कुणाची जबरदस्ती नाही?"

"वाडी सोडली," ती म्हणाली. "माहेर नाय सोडलं."

साहेब हसले. "माहेर कुठे लिहून घेतो आम्ही?" मग माझ्याकडे वळले. "तुम्ही यांना ओळखता?"

नविन खाकरला. दीपेशचा पाय माझ्या पायावर आला. सासरे पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होते आणि मान हलवत होते... नाही, नाही म्हणून. सौदा मोडेल, शेठ जाईल, तरी ते नाही म्हणत होते. ते मला विचित्र वाटलं. पण डहाणूचं घर माझ्या डोळ्यांपुढे होतं, आणि ती पदराखालून माझ्या तोंडाकडे बघत होती. भुकेलं माणूस ताटाकडे बघतं तशी.

"ओळखते," मी म्हणाले.

तिने श्वास घेतला. बुडणारा माणूस वर आल्यावर घेतो, तसा आवाज झाला.

सह्या झाल्या. बाहेर आलो तर नविन फोन कानाला लावून उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. "धोंडी सायवनलाच आहे," तो म्हणाला. "एसटी चुकली म्हणते. उद्या येऊ का विचारते..."

दीपेश हसला. मग हसायचा थांबला. "मग ही कोण?"

बाकड्यावर कुणी नव्हतं.

"गाडी काढ," सासरे म्हणाले. येताना ते पुढे बसले होते, जाताना मागे आले. मी एका खिडकीशी, ते दुसऱ्या खिडकीशी अगदी अंग चोरून. मधे एका माणसाची जागा मोकळी. झाई येईपर्यंत त्यांनी तिकडे मान वळवली नाही.

सासूबाई ओट्याशी होत्या. मी सगळं सांगितलं, ओला अंगठा, मिटलेले डोळे. या वेळी त्यांनी मिक्सर लावला नाही.

"ती कुणाबरोबर तरी निघून गेली होती," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. "पावसाळ्यानंतर खाडीत एक बाई मिळाली. पोलीस ह्यांना घेऊन गेले, ओळख पटवायला. मी पण गेले. दारातच उभी राहिले मी. ह्यांनी चादर उचलली, बघितलं... आणि ओळखत नाही म्हणाले. घरात लग्नं व्हायची होती, मयुरा. बेवारस म्हणून पुरली तिला." मग म्हणाल्या, "तू काय सांगितलंस?"

"ओळखते म्हटलं."

त्यांनी गॅस बंद केला आणि तिथेच खाली बसल्या. "तेवढाच एक शब्द आम्ही म्हटला नव्हता," त्या म्हणाल्या.

ती त्याच संध्याकाळी आली. कशी, ते सांगता येत नाही. मागच्या पडवीत पाट्यावरवंट्याशेजारी बसते. दिसते फक्त मला. सासूबाई पडवीचं दार लावून घेतात आणि सासरे तिकडे जातच नाहीत. तिचा त्रास म्हणाल तर काही नाही. कुणी घरात आलं की एवढंच विचारते, "हा कोण गं? ओळखतेस?" दूधवाला आला, शेजारची संगिता आली, तलाठी आला. मी म्हणते, ओळखते. ती मान डोलावते. शेठचे पैसेही आले. चांगलं चाललं होतं.

मागच्या आठवड्यात सासरे वाडीतून आले. मी भाकरी थापत होते.

"हा कोण गं?" पडवीतून आवाज आला. "ओळखतेस?"

माझ्या डोळ्यांपुढे ती चादर आली. मी तोंड उघडलं नाही. नाही म्हटलं नाही हो मी. फक्त भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच वाढवलेल्या कुत्र्याने त्यांना फाटकात अडवलं. नाक्यावर चहावाल्याने विचारलं, काका, कुठल्या गावचे? बँकेतून ते घामाघूम होऊन परतले. सही जुळते, पण समोरचा माणूस काशीनाथ नाही म्हणाले तिथले. रात्री जेवायला बसले तर सासूबाई भाताचं पातेलं हातात धरून कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. मग वाढायचं सोडून आत गेल्या.

आज डहाणूच्या घराची चावी मिळायची होती. दीपेश सकाळीच गेला आणायला. आत्ता, मी तुम्हाला हे सांगतेय तेव्हाच, फाटक वाजलं. अंगणात त्याची चप्पल ओळखीची वाजतेय. तो हाक मारतोय, "मयुरा, चावी आणली गं..."

आणि पडवीतून तिने विचारलंय.

टपरीमागे माझ्याकडे न बघता बोलणारा तो माणूस मला आठवतोय. मी अजून उत्तर दिलेलं नाही. बाहेर कुत्रा भुंकायला लागला आहे.